प्रसन्नला पोचवताना

"ताई, माझा पासपोर्ट सापडत नाहीये," प्रसन्न म्हणाला.

आम्ही इटलीतल्या व्हेरोना स्टेशनबाहेर, लांबच्या बस सुटतात तिथल्या सिमेंटच्या कठड्यावर बसलो होतो. दुपारचं ऊन होतं. मी बूट काढून पाय सुटकेसवर टाकले होते. घरातून निघाल्यापासून इतकी निवांत मी पहिल्यांदाच बसले होते, कारण म्युनिकला जाणाऱ्या बसच्या दोन जागा माझ्या हातात होत्या. त्या मिळवायला मी सकाळपासून रांगेत उभी होते. एका जाड्या गृहस्थाशी भांडले होते, आणि खिडकीतल्या बाईसमोर मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये जवळजवळ रडले होते.

"नीट बघ," मी म्हणाले.

"बघितला."

"सॅकच्या आतल्या कप्प्यात?"

"तिथंही नाही."

"शेवटचा कधी पाहिला होतास?"

"आठवत नाही."

पेनाचं टोपण हरवल्यासारखं तो हे सांगत होता. आवाजात घाबरणं नाही, काही नाही. मी हातातला पाव कागदात गुंडाळून ठेवला. भूकच मेली होती.

प्रसन्न माझा मामेभाऊ. माझ्याहून चार वर्षांनी लहान. दिगंबरमामांचं बार्शीत पाण्याच्या मोटारी, कडबाकुट्टी आणि फवारणीच्या यंत्रांचं दुकान होतं. उभं आयुष्य त्या दुकानात घालवून मामांनी एकच गोष्ट मनाशी धरली होती, की आपल्या पोरानं या गल्ल्यावर बसायचं नाही. प्रसन्न सोलापुरातून मेकॅनिकल इंजिनिअर झाला आणि मामांनी लगेच जर्मनीचं बघायला सुरुवात केली. मी तेव्हा ड्रेस्डेनला शिकत होते. त्यामुळे अर्ज, परीक्षा, व्हिसा, सगळं माझ्या सल्ल्यानं झालं. प्रसन्न सांगेल तिथं सही करायचा. एप्रिलमध्ये ड्रेस्डेनलाच त्याचं सत्र सुरू होणार होतं आणि मी नेमकी सुट्टीला घरी आले होते.

"तू जातेच आहेस, तर याला पोचव," मामा म्हणाले. "तिथं खोलीत सामान टाकेपर्यंत हात सोडू नको त्याचा."

त्याला काय, मी म्हणाले, पोचवते.

मुंबईच्या विमानतळावर आम्हाला निरोप द्यायला बार्शीहून दोन गाड्या भरून माणसं आली होती. प्रसन्नला फेटा बांधला होता. गावात चौकात त्याचा फ्लेक्स लागला होता, त्यावर 'बार्शीचे सुपुत्र जर्मनीस रवाना' असं लिहून खाली मामांच्या सगळ्या मित्रांचे फोटो होते. त्या फ्लेक्सचाही फोटो काढून कुणीतरी दाखवायला आणला होता. हार, पेढे, नमस्कार झाले, गाड्या परत फिरल्या आणि मग प्रसन्न म्हणाला, "ताई, सर्टिफिकेटांची फाईल गाडीत राहिली."

गाडी वाशीच्या पुलापर्यंत पोचली होती. ती परत बोलावली. मामा घामाघूम होऊन फाईल घेऊन धावत आले. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. त्यानंतर तपासणीत प्रसन्नच्या सॅकमधून एक भलामोठा पाना निघाला.

"हा कशाला आणलास?" मी विचारलं.

"राहिला असेल," तो म्हणाला.

तो तिथंच टाकावा लागला. मग विमानात चढायची वेळ झाली आणि हा गायब. 'प्रसन्न दिगंबर सुरवसे' असं नाव ध्वनिक्षेपकावरच्या बाईच्या तोंडून चारदा वेडंवाकडं पुकारलं गेलं. मी दारात उभी राहून तिथल्या माणसाच्या हातापाया पडत होते. अगदी शेवटच्या क्षणी साहेब स्वच्छतागृहातून हात पुसत आले.

"तुला नाव ऐकू आलं नाही?"

"आलं. मला वाटलं, दुसरं कुणी असेल."

मी रागावले, पण फार नाही. पहिल्यांदाच परदेशी चाललाय, बावचळला असेल, असं मी स्वतःला समजावलं. मीही पहिल्या वेळी बावचळले होते.

त्याच आठवड्यात आइसलंडमध्ये ज्वालामुखी फुटला होता आणि त्याच्या राखेमुळं अर्ध्या युरोपातले विमानतळ एकामागून एक बंद पडत होते. आखातात विमान बदलायला उतरलो तर पुढचं विमान रद्द. हजारो माणसं जमिनीवर पथाऱ्या टाकून बसलेली. दीड दिवस आम्ही तिथं काढला. शेवटी कंपनीच्या माणसानं सांगितलं, रोमला सोडतो, पुढं तुमचं तुम्ही बघा. मी हो म्हणत होते तेवढ्यात प्रसन्ननं माझ्या खांद्यावरून वाकून विचारलं, "परत मुंबईला पाठवता का?"

"अरे, आपण पुढं जायचा रस्ता शोधतोय," मी ओरडले.

"सहज विचारलं."

मला घाई होती. त्याला शुक्रवार दुपारपर्यंत स्वतः विद्यापीठात हजर राहून नाव नोंदवायचं होतं, नाहीतर जागा गेली असती. आणि त्याच शुक्रवारी माझी प्रयोगशाळेची परीक्षा होती. ती बुडाली तर माझं अख्खं वर्ष वाया जाणार होतं. हे मी त्याला विमानात सांगितलं, रोमला सांगितलं, आणि प्रत्येक वेळी तो मान डोलवायचा.

रोमला स्टेशनवर तर चेंगराचेंगरी व्हायची बाकी होती. ज्यांची विमानं रद्द झाली ते सगळे रेल्वेकडे धावले होते. कशीबशी व्हेरोनाची तिकिटं मिळाली, डब्यात सामान चढवलं, आणि प्रसन्न म्हणाला, "पाणी घेऊन येतो." मी नको म्हणेपर्यंत तो उतरलासुद्धा. शिट्टी झाली. मी दारातून हाका मारत होते. शेवटी दोन सुटकेसा, एक सॅक आणि चिवड्याची पिशवी मी फलाटावर फेकली आणि मागोमाग उडी मारली. गाडी गेली. पाहते तर हा जवळच्याच नळाशी उभा, भरलेली बाटली हातात.

"गेली का गाडी?" त्यानं विचारलं.

तेवढ्यात मामांचा फोन. "कुठपर्यंत आलात? इथं सगळे विचारतायत."

"येतोय मामा, जवळ आलो," मी दात आवळून म्हणाले.

अशा सगळ्या दिव्यातून आम्ही व्हेरोनाला पोचलो होतो, आणि आता पासपोर्ट हरवला होता.

मी त्याची सॅक फूटपाथवर उलटी केली. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, सत्काराची शाल, मोजे, सर्टिफिकेटांची ती फाईल. पासपोर्ट नव्हता. त्याची सुटकेस उघडली, कपडा न् कपडा झटकला. येणारेजाणारे बघत होते. प्रसन्न बाजूला हात बांधून उभा.

"तू माणूस आहेस का कोण आहेस, प्रसन्न?" मी म्हणाले. "मला वाटलं होतं तू गोंधळला आहेस. गोंधळलेला माणूस निदान घाबरतो तरी. तुला काहीच होत नाही. तिकडे मामा गावभर सांगत फिरतायत, इकडे मी तुझ्यामागं कुत्र्यासारखी धावतेय, आणि तू नळावर पाणी भरतोस."



बस आली. लोक सामान चढवायला लागले. मी बसकडे पाहिलं, हातातल्या तिकिटांकडे पाहिलं आणि बूट घालायला घेतले.

"चल," मी म्हणाले.

"कुठं?"

"आधी पोलिसात. मग मिलानला, आपल्या वकिलातीत. दुसरा पासपोर्ट मिळेपर्यंत किती दिवस लागतील देव जाणे."

"आणि तुझी परीक्षा?"

"गेली परीक्षा. पुढच्या वर्षी देईन. तुला इथं टाकून जाऊ का?"

मी माझ्या सुटकेसची कडी ओढली आणि चालायला लागले. मागून पावलं ऐकू येईनात म्हणून वळून पाहिलं. तो जागचा हलला नव्हता.

"ताई, तू जा," तो म्हणाला. "बस पकड."

"मूर्खासारखं बोलू नकोस."

"पासपोर्ट आहे."

त्यानं शर्ट वर केला, पोटाशी पट्ट्यात खोचलेला पासपोर्ट काढला आणि माझ्यापुढं धरला. घामानं त्याचं कव्हर ओलं झालं होतं.

"तिथल्या कचऱ्याच्या डब्यापाशी दोनदा जाऊन आलो," तो म्हणाला. "टाकवला नाही."

मी कठड्यावर बसले. मग विचारलं, "रोमची गाडी?"

"शिट्टी ऐकली होती. मुद्दाम उभा राहिलो."

"मुंबईतली फाईल?"

"मीच सीटखाली सरकवली होती."

"आणि नाव पुकारत होते तेव्हा?"

"आतून कडी लावून बसलो होतो. वाटलं, जाईल विमान. मग तुझा चेहरा आठवला. तू एकटी भांडत असशील, म्हणून आलो."

मी त्याला तिथल्या तिथं मारलं कसं नाही, याचं मला आजही नवल वाटतं. बहुधा मारण्याइतकी ताकदच उरली नव्हती.

"बार्शीतच नाही म्हणायला काय झालं होतं तुला?"

"म्हटलं होतं ना. बारावीनंतर. बाबा जेवत होते. मी म्हटलं, मला पुढं शिकायचं नाही, मी दुकानात बसतो. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि उठले. दोन दिवस जेवले नाहीत. आई माझ्याकडे नुसती बघायची." तो माझ्या शेजारी बसला. "तेव्हापासून मी कशालाच नाही म्हटलं नाही."

"तुला इंजिनिअरिंग आवडत नाही का?"

"इंजिनिअरिंगचं काही नाही गं. मला दुकान आवडतं." त्यानं खाली बघत सांगितलं. "बाबा माल आणायला बाहेरगावी गेले की मी बसायचो. माणूस जळालेली मोटार घेऊन येतो. शेतात ऊस वाळत असतो, तोंड उतरलेलं असतं. मी ती खोलतो, आतली जळालेली तार काढून नवी भरून देतो, आणि संध्याकाळी त्याचा फोन येतो, पाणी सुरू झालं म्हणून. मला तेवढं पुरतं, ताई. बाबांना ते कमी वाटतं. त्यांना वाटतं, त्यांचं आयुष्य काळ्या तेलात गेलं. मला ते तसं दिसतच नाही."

तीन-चार दिवसांच्या प्रवासात, खरं तर इतक्या वर्षांत, प्रसन्न सलग एवढं बोललेला मी पहिल्यांदा ऐकत होते.

बसचा ड्रायव्हर सामानाची दारं लावायला लागला. मी पर्समधून फोन काढला.

"तू सांग ना बाबांना," प्रसन्न म्हणाला. "तुझं ऐकतील."

"नाही. मी नंबर लावून देते. बोलायचं तू."

त्यानं फोन घेतला. मला त्याचाच आवाज ऐकू येत होता.

"बाबा, मी प्रसन्न... नाही, अजून नाही पोचलो... हो, खाल्लं... बाबा, मी परत येतोय... नाही, विमानांचं काही नाही... मला जायचं नाहीये तिकडं." मग बराच वेळ काही नाही. तिकडून ओरडणंही आलं नाही. "बाबा?" तो म्हणाला. थोडं थांबून पुन्हा "बाबा?" आणि मग फोन माझ्याकडे दिला. "तुला मागतायत."

मामांचा आवाज एकदम बारीक झाला होता. पाठीमागं माणसांची बोलणी ऐकू येत होती, दुकानात असावेत.

"शलाका, त्याला बसमध्ये घाल."

"मामा, तो काय म्हणतोय ते..."

"ऐकलं मी. तिथं पोचला की होईल सरळ. माझ्या शब्दाबाहेर नाही तो. तू फक्त त्याला म्हण, बाबांनी सांगितलंय, बस. एवढंच म्हण. बसेल तो."

मी प्रसन्नकडे पाहिलं. फूटपाथवर पसरलेलं सगळं त्यानं भरून घेतलं होतं आणि सॅक पाठीवर चढवली होती. तो बसच्या उघड्या दाराकडे बघत उभा होता. मामा खरं बोलत होते. मी ते वाक्य उच्चारलं असतं तर तो मुकाट्यानं पायऱ्या चढला असता, म्युनिकहून ड्रेस्डेनला पोचला असता, नाव नोंदवून वर्गात जाऊन बसला असता. पुन्हा कधी काही हरवलंही नसतं त्यानं.

"ऐकतेस ना?" मामा म्हणाले.

"ऐकतेय. पण मी त्याला हे सांगणार नाही, मामा."

"तुझ्या भरवशावर पाठवलं मी त्याला."

"हो."

"मग?"

"तरी नाही सांगणार."

त्यांनी फोन ठेवला. प्रसन्ननं विचारलं, "काय म्हणाले?"

"काही नाही," मी म्हणाले. "लाइन तुटली."

त्यानंतर जे घडलं त्यानं तर मला आणखीच वैताग आला. कारण ज्या माणसाला रोमच्या स्टेशनवर समोरची गाडी पकडता आली नव्हती, तो ड्रायव्हरला खुणा करून थांबवून स्टेशनात गेला, आणि मी घाबरी होऊन बसच्या पायरीवर उभी असताना सगळं जुळवून परतही आला. रोमच्या गाडीचं तिकीट त्याच्या हातात होतं. रोमहून पूर्वेकडची विमानं चालू आहेत, हे त्यानं चौकशीच्या खिडकीवर विचारून घेतलं होतं. परतीच्या तिकिटाची तारीख कुठं बदलायची, तेही विचारलं होतं. रिकाम्या झालेल्या जागेवर त्यानं रांगेतल्या एका म्हातारीला बसवलं आणि तिची पिशवी वरच्या फळीवर ठेवून दिली. माझी सुटकेस उचलून सामानात नीट उभी लावली, आणि माझ्या हातात एक गरम सँडविच दिलं.

"मघाचं तसंच राहिलं तुझं," तो म्हणाला.

"एवढं सगळं येतं तुला?"

"येतं की."

बस हलली तेव्हा तो खिडकीखाली उभा होता. हात वगैरे हलवला नाही त्यानं. सुटकेस पायाशी, सॅकचे पट्टे दोन्ही हातांनी धरून, बस वळेपर्यंत बघत राहिला. मग सुटकेस उचलून घाईघाईनं स्टेशनात शिरला. गाडी चुकू नये म्हणून पळत होता.

मी शुक्रवारी परीक्षा दिली, झोप नसलेल्या डोळ्यांनी. काठावर पास झाले.

मामा माझ्याशी बोलायचे बंद झाले. आई मध्ये पडून पाहायची, त्यांनी तिलाही तोडून टाकलं. माझ्या लग्नाला सुनंदामामी एकट्याच आल्या, साडी दिली, आणि निघताना मला जवळ घेऊन म्हणाल्या, "त्यांचं मनावर घेऊ नको." पण मी घेतलं होतं. लहानपणी जत्रेत मला खांद्यावर बसवून फिरवलेला माणूस होता तो. कितीदा वाटलं, फोन करावा. काय बोलायचं ते ठरत नसे.

प्रसन्नचं मला मामींकडून कळत राहिलं. मामांनी त्याला दुकानाची पायरी चढू दिली नाही. चौकातला फ्लेक्स त्यांनी स्वतः पहाटे जाऊन उतरवला. प्रसन्न काही न बोलता जवळच वैरागला गेला आणि तिथं दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये मोटारी भरायला लागला. वर्षभरात मामांची गिऱ्हाइकं आपल्या मोटारी घेऊन वैरागला जायला लागली. मामांनी दुसरं वर्षही काढलं. मग एका पाडव्याला त्यांनी वैरागला निरोप धाडला, की पूजेला ये. तो आला, आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानात बसायला लागला. बापलेकांमध्ये त्यावर काही बोलणं झालं नाही म्हणे.

मी बार्शीला गेले ती सात वर्षांनी, माझ्या मुलीला घेऊन. मामींना भेटावं आणि मामा घरी यायच्या आत निघावं, असा बेत होता. पण मामी म्हणाल्या, "दुकानात जाऊन ये. तेच म्हणाले, तिला पाठव."

दुकान आता दुप्पट झालं होतं. शेजारचा गाळा घेतला होता. मामा बाहेर, सावलीत खुर्ची टाकून बसले होते. थकले होते. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, तिला बर्फी आणायला नोकराबरोबर पाठवलं आणि मला स्टुलावर बस म्हणाले. आतून मोटार फिरवून बघितल्याचा आवाज येत होता. प्रसन्न आत वाकून काम करत होता, त्याला आम्ही दिसत नव्हतो.



"त्या दिवशी मी निरोप दिला होता तुझ्याजवळ," मामा म्हणाले. "तो त्याला कधीच कळला नाही. मी मागं एकदा आडून विचारून पाहिलं. त्याला वाटतं, लाइन तुटली होती."

"हो."

"दिला असतास तर बसला असता का तो?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण त्यांनी सात वर्षं थांबून विचारलं होतं.

"बसला असता, मामा. लगेच."

त्यांनी मान हलवली. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा लावला.

"मलाही तसंच वाटतं," ते म्हणाले. "हल्ली जास्तच वाटतं."

एक ट्रॅक्टर येऊन थांबला. ट्रॉलीत पोत्याखाली मोटार होती. ट्रॅक्टरवरचा माणूस उतरला आणि सवयीनं मामांपुढं येऊन उभा राहिला. बघा हो दिगूशेठ, म्हणाला, पुन्हा बसली.

मामांनी खुर्चीतून न उठता दुकानाच्या आत हात दाखवला.

"मला काय विचारता," ते म्हणाले. "मालक आत आहेत."